मुसक्याची साक्ष

आयर्लंडमधील टिपेरारी परगण्यात, मॉसी हॅन्राहन याच्या श्वानशाळेत, मार्च महिन्यातील एका ओल्या शनिवारी सकाळी, एका कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय झाला. त्या वेळी मी तेथे हजर होते. किंबहुना तो निर्णय ज्याच्यापाशी येऊन अडला, ते मीच. मी एक जुने मुसके आहे.

मित्रांनो, माझे शरीर तारेचे आहे. घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने तार वाकवून माझी जाळी केली, आतून मऊ कातडे लावले आणि पुढच्या टोकाला पांढरा रंग दिला. हा रंग शोभेसाठी नाही. शर्यतीत ग्रेहाउंड जातीचे दोन कुत्रे अंतिम रेषेवर जोडीने आले, तर कोण पुढे हे डोळ्यांना कळत नाही. मग छायाचित्रात कोणते पांढरे टोक पुढे आहे ते पाहतात. धावताना कुत्र्यांनी एकमेकांचा चावा घेऊ नये, हे माझे दुसरे काम. लोकांना हे दुसरेच काम तेवढे ठाऊक असते, आणि त्यावरून ते निष्कर्ष काढतात की, ज्याच्या तोंडाला मुसके तो चावरा. हा तर्क सदोष आहे. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला मुसके असते, मग तो कितीही गरीब असो.

प्रथम मी ब्रीदा नावाच्या वाळूच्या रंगाच्या कुत्रीला मिळाले. तिच्या नाकाच्या आधी मी रेषा ओलांडत असे. त्यामुळे प्रेक्षकांच्या टाळ्यांतील निम्म्या आपल्याच, असा माझा समज होता. पुढे एका वळणावर तिचा मागचा पाय मोडला. हाड जुळले, वेग परत आला नाही. एके सकाळी तिचा मालक गाडी घेऊन आला. मॉसी दुसऱ्यांचे कुत्रे सांभाळून त्यांना तयार करणारा माणूस. कुत्रे त्याच्या मालकीचे नसत.

"कुठं नेताय तिला?" त्याने विचारले.

"तुला कशाला नसत्या पंचायती?" मालक म्हणाला.

ब्रीदा शेपटी हलवत गाडीत चढली. मला मॉसीच्या हाती परत देण्यात आले. ती जिथे गेली तिथे मुसक्याची गरज नव्हती, एवढेच मला समजले, मित्रांनो, आणि तेवढे पुरेसे होते.

पुढे मी लॅरीच्या तोंडावर चढले. शर्यतीच्या पत्रिकेत त्याचे नाव मोठे भारदस्त, 'क्लूनमोरचा वज्रघात'; घरी तो नुसता लॅरी. त्याने पुष्कळ शर्यती जिंकल्या, आणि मग तोही मागे पडू लागला. मालक तोच होता. रविवारी गाडी पाठवतो, असे त्याने कळवले.

"त्याआधी मी त्याला घर शोधलं तर?" मॉसीने विचारले.

"शोध की! ह्या हाडाच्या सापळ्याला घेतंय कोण!"

म्हणून मॉसीच्या सांगण्यावरून शनिवारी फिंटन क्लिअरी आणि त्याची बहीण अ‍ॅट्रॅक्टा लॅरीला पाहायला आले. दोघेही अविवाहित आणि उतारवयाचे. एका घरात राहणारे, एकमेकांशी भांडणारे. त्यांच्या मोटारीत वेताच्या टोपलीत त्यांचे मांजर होते. त्याचे नाव बिशप. फिंटन अनेक वर्षे हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या सामन्यांत गोलखांबाशी पांढरा कोट घालून पंच म्हणून उभा राहिला होता. आपण स्वतः पाहिल्याशिवाय कशालाच मान्यता द्यायची नाही, हा त्याचा बाणा.

"मुसकं कशाला?" त्याने दारातूनच विचारले. "चावतो ना?"

"हर्लिंगची पोरं हेल्मेट घालतात, पंचसाहेब. सगळ्यांची डोकी फुटलेली असतात काय?" मॉसी म्हणाला.

फिंटनने लॅरीला हुकूम सोडला, "बस!" लॅरी उभाच. "अरे, बस म्हणतोय!"

"शर्यतीच्या कुत्र्याला बसायला कोण शिकवणार? त्याच्या ह्या मांड्यांना ते जडही जातं."

"बसत नाही तो कसला कुत्रा?"

"तू तरी चर्चमध्ये कधी बसतोस?" अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "दाराशी उभा असतोस, पाद्रीबाबा कधी आवरतात म्हणून."

मग मांजर पाहून लॅरी काय करतो, याची परीक्षा झाली. मॉसीने माझा पट्टा नीट आवळला, दोरी आखूड धरली आणि टोपली आत आणून उघडायला सांगितली. बिशप बाहेर आला, फुगला आणि त्याने सरळ पंजा मारला. त्याची नखे माझ्या तारेवर खणखणली. लॅरीचा श्वास क्षणभर थांबला, आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

"बघितलंस?" बहीण म्हणाली.

"काय बघायचं? तोंड बांधलंय त्याचं. तोंड बांधल्यावर कुणीही साधूच!"

मित्रांनो, या वाक्याचे खंडन करण्याचा मी प्रयत्न केला. ते जमले नाही. लॅरीच्या श्वासाच्या माझ्याइतके जवळ दुसरे कुणी नव्हते. तो शांत आहे हे मला पक्के ठाऊक होते. परंतु मी त्याच्या तोंडावर असेपर्यंत ती शांतता माझ्याच खात्यावर जमा होणार. ज्याच्या बाजूने मी साक्ष द्यावी, त्याच्याविरुद्धचा संशय म्हणजे माझे असणे.

"अंतिम सामन्यात चेंडू खांबाच्या आतून गेला तो दिसला नाही तुला," अ‍ॅट्रॅक्टा संतापली, "आणि आज पुरावे मागतोयस!"

"बाहेरून गेला होता!"

"आतून गेला होता. सगळं गाव सांगतंय." मग तिचा आवाज खाली आला. "उद्या गाडी येणारे, फिंटन."

फिंटनने बिशपला टोपलीत घातले, टोपली मोटारीत ठेवली, दार लावून घेतले आणि तो परत आला.

"काढा ते," तो म्हणाला. "आधी मी. मांजराचं मागाहून बघू."

मॉसीने मला उतरवले. फिंटनने हात पुढे केला. लॅरीने हात हुंगला, त्याच्याभोवती एक फेरी घातली आणि आपला सगळा भार त्याच्या गुडघ्यावर टाकला.

"अहो, धरा! पडतोय हा! आजारी आहे!"

"पडत नाही. टेकतोय," मॉसी म्हणाला. "ग्रेहाउंडची हीच तऱ्हा. ज्याच्याजवळ बरं वाटतं त्याला टेकतात."

"किती वेळ?"

"तुम्ही उभे आहात तोवर. सरकलात तर मात्र खरंच पडेल."

फिंटन सरकला नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली, तरी तो सरकला नाही. लॅरीचे डोळे मिटत गेले.

मित्रांनो, कुणाच्याही तोंडावरचे मुसके पाहून त्याची पारख करू नका. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. आणि जो आपल्यासाठी धावला त्याचे पाय थकले, तर तो कुठे गेला हे विचारण्याची लाज किंवा भीती बाळगू नका. ब्रीदाच्या वेळी तसे विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याचा आवाज अपुरा पडला.

"मग?" अ‍ॅट्रॅक्टाने विचारले.

"ते मुसकंही द्या बरोबर," फिंटन मॉसीला म्हणाला. "बिशपशी ओळख होईस्तोवर घरात लागेल."

"म्हणजे काय ठरलं, पंचसाहेब?"

"म्हणजे काय! न्यायचा ह्याला."