खोट नसलेली यादी

“एवढंच सांगा काका, हे सगळं एकमेकांना चालेल ना? नाहीतर नंतर पस्तावायची वेळ यायची.”

गिऱ्हाइकाने कागद काउंटरवर ठेवला. गेमिंग कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी होती, वर समोरच्या दुकानाचा शिक्का. काकांनी प्रोसेसर वाचला, मदरबोर्ड वाचला आणि पुढचं वाचायची गरजच उरली नाही. यादी त्यांचीच होती. पॉवर सप्लायपुढचे ‘एक पायरी वरचाच घ्यावा’ हे शब्दसुद्धा त्यांचेच.

“कोणी करून दिली?”

“समोर नवीन मुलगी बसते ना, तिने. भारी हुशार आहे हो! फडाफडा सांगते.”

बावीस वर्षं काका या दुकानात कॉम्प्युटर जोडत होते. येणारा-जाणारा त्यांना काका म्हणे, पण हक्काने म्हणणारी एकच, धाकट्या भावाची मुलगी. शाळेत होती तेव्हापासून ती त्यांच्या टेबलाशी बसून स्क्रू वेगळे करायची.

या दुकानाची एक रीत होती. फुकट यादी मागणाऱ्याला यादी द्यायची, पण तिच्यात एक खोट ठेवायची. बोर्डावर बसणारच नाही अशी रॅम लिहायची, म्हणजे माल दुसरीकडून घेतला तरी गिऱ्हाईक अडतं आणि मुकाट्याने परत येतं. काकांना ते कधी पटलं नाही, पण पोट कुणाला चुकलंय!

पुतणीला ही रीत चांगली ठाऊक होती.

“काका, मला गेम खेळायला मशीन करायचंय,” ती मागच्या आठवड्यात म्हणाली होती. “नीट यादी दे हं. लोकांना देतोस तसली नको!”

काका खो-खो हसले होते. तीन संध्याकाळी खपून त्यांनी यादी केली, बावीस वर्षांतली पहिली बिनखोटीची. रविवारी दोघं मिळून मशीन जोडणार होते. तिच्यासाठी चुंबकी टोकाचा नवा स्क्रूड्रायव्हरही आणून ठेवला होता. रविवारी निरोप आला, ताप आलाय. काका तब्येत विचारायला गेले तर दाराला कुलूप. डॉक्टरकडे गेली असेल बिचारी, म्हणून ते परत फिरले.

आता तो ताप कळला.

मालक मागून येऊन कागदावर वाकले आणि काकांच्या कानाशी पुटपुटले, “दाखव एखादी चूक. आपल्याकडे वळेल. हे असंच चाललं तर जोडणाऱ्या माणसाला बसवून काय करू मी?”

काकांना राग असा आला की कागद टराटरा फाडावा. पोरीने केसाने गळा कापला होता. नोकरी हवी होती तर सांगायचं होतंस, मी स्वतः तुला समोर नेऊन बसवलं असतं! यादी गेली त्याचं काही नाही, पण ‘माझ्यासाठी’ का म्हणालीस? आता गिऱ्हाइकाला काकांचा एक शब्द पुरे होता. हा बोर्ड चालणार नाही, इतकंच म्हणायचं. समोरची हुशारी एका दिवसात धुळीला मिळाली असती आणि इथली खुर्ची टिकली असती.

“यादी चोख आहे,” काका म्हणाले. “डोळे झाकून घ्या.”

मालक आत गेले. दार जरा जोरातच लागलं.

“फक्त एक सांगा त्या मुलीला.” काकांनी खिशातली टेप काढून काउंटरवर लांबी मोजून दाखवली. “कॅबिनेटचा पुढचा पंखा आतून लावला तर ग्राफिक्स कार्ड दोन बोटं लांब पडेल. पंखा जाळीच्या बाहेरून लावायचा. मग बरोबर बसतं.”

हे यादीत लिहिलेलं नव्हतं. ते रविवारी हाताने दाखवायचं होतं.

“सांगतो. कोण म्हणालं म्हणू?”

काकांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. काचेमागे ती कॅबिनेट उघडून उभी होती, कानावर पेन्सिल खोचून, अगदी त्यांच्यासारखी. तिने वर पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

“समोरच्या दुकानातला माणूस म्हणाला, म्हणा.”

गिऱ्हाईक गेलं. काकांनी ड्रॉवरमधला नवा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं वेष्टन फाडलं आणि टेबलावर दुरुस्तीला आलेलं मशीन उघडायला घेतलं.