दुसऱ्या पंपातली वाळू

मेल्लिता अवकाशयानाचा दुसरा पंप बंद पडला, तेव्हा मब्रूकाने न्याहारीचा पहिला घास नुकताच तोंडात घातला होता. पायाखालची फरशी एकदा थरथरली आणि अकरा वर्षं अखंड चाललेली घरघर एकदम खाली आली. बसीसाच्या भाजक्या पिठाची वाटी तिने शेजारच्या बाईच्या हातात कोंबली आणि चोपन्नाव्या वर्षीही ती स्वतः यंत्रघराच्या दिशेने धावत सुटली.

ती यानाची मुख्य अभियंता. कर्कना बेटांवरून निघालेल्या सहाशे माणसांचा जीव तिच्या पंपांवर टांगलेला होता. पंप चालले तर अणुभट्टी थंड राहायची, आणि भट्टी थंड राहिली तरच माणसं जगायची. बेटावर तिच्या घराण्याने तीन पिढ्या मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती. तिच्या हातातून यंत्र नादुरुस्त सुटत नाही, असं यानावर सगळेच म्हणत. तीही म्हणायची.

यंत्रघराच्या दारातच वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. आत कोणीतरी कळवळून ओरडत होतं.

"झडप बंद करा!" मब्रूका गरजली. " पुतळे होऊन काय बघताय, मेल्यांनो? बंद करा म्हणते ना!"

दोघांनी चाक फिरवलं. वाफ विरली तशी फरशीवर बसलेला रिधा दिसला. रिधा म्हणजे मब्रूकाचा धाकटा भाऊ, सकाळच्या पाळीचा मुकादम. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. पंप अडकला, पाणी तुंबलं आणि नळाचा सांधा त्याच्या अंगावर फुटला.

"त्या पाहुणीबाईला विचार!" दात आवळत तो म्हणाला. "माझ्या आधी तिची पाळी होती. काय करून गेली कोण जाणे!"

मब्रूकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाहुणीबाई म्हणजे तेस्लेम. चौदा महिन्यांपूर्वी मॉरिटानियाच्या लोकांचं एक यान वाटेत निकामी झालं आणि त्यातली जिवंत राहिलेली एकोणीस माणसं मेल्लिताने उचलून घेतली. तेस्लेमने तिकडे बावीस वर्षं इंजिनं सांभाळली होती. इथे तिला फडकं आणि वही मिळाली. यंत्रं पुसायची आणि काट्यांचे आकडे टिपून ठेवायचे. 'पाहुणीबाई' हे नाव रिधाने ठेवलं होतं. ऐकायला मानाचं, पण चौदा महिने जिला घरातलं मानत नाहीत, तिला ते कसं लागत असेल याचा विचार कोणी केला नव्हता. मब्रूकानेही नाही.

तेस्लेम बातमी ऐकून स्वतःच येत होती. उंच, सडसडीत, डोक्यावरून घेतलेलं निळं मेल्हफा कमरेला घट्ट खोचलेलं.

"काय केलंस पंपाला?" मब्रूकाने सगळ्यांदेखत विचारलं.

"काही नाही."

"काही नाही? माझ्या भावाच्या हातांची सालं निघालीत आणि तू काही नाही म्हणतेस?"

"मी लिहिलं होतं." तेस्लेमचा आवाज चढला नाही. "तीनदा लिहिलं. दुसऱ्या पंपाच्या पोटात वाळू आहे."

मागून कोणीतरी हसलंच. हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. वाळवंटातली बाई, तिला आकाशातही वाळूच दिसते, यावर जेवणघरात महिनाभर हशा पिकला होता. मब्रूकाने वही वाचली होती. काटा तर हिरव्या पट्ट्यात होता. तिने पान उलटलं होतं आणि, खरं सांगायचं तर, तीही हसली होती.

"बाजूला हो," ती म्हणाली. "पंप उघडायचाय."

झाकणाचे बारा बोल्ट निघाले. झाकण सरकवलं तशी आतून करड्या रंगाची भुकटी भसकन तिच्या बुटांवर सांडली. तिने चिमूटभर उचलून बोटांत चोळली. झिजलेल्या बेअरिंगचं पोलाद. बारीक, खरखरीत, वाळूच.

कोणी हसलं नाही.

"तुला कसं कळलं?" मब्रूकाने विचारलं.

"हात ठेवून. रोज ठेवते. आमच्याकडे काट्यावर कोणी भरवसा ठेवत नाही."

"मग नीट सांगायचं होतंस! वाळू काय वाळू? बेअरिंग झिजतंय असं लिहायला काय झालं होतं?"

आता मात्र तेस्लेमचा तोल गेला. "आम्ही त्याला वाळूच म्हणतो! तुम्हाला समजलं नाही तर विचारायचं होतं. चौदा महिन्यांत तू मला एक प्रश्न विचारलास का, लल्ला? एक? मी रिधाला हाताला धरून पंपापाशी नेलं. म्हटलं, ठेव हात. तो म्हणाला, पाहुण्यांनी चहा प्यावा, घरच्या भांड्यांना हात लावू नये."

लल्ला हा बेटांवर मोठ्या बाईला मानाने म्हणायचा शब्द, पण तेस्लेमने तो तोंडावर फेकून मारला होता.

भट्टी अर्ध्यावर आणली होती, तरी उरलेल्या पंपांना भार पेलवत नव्हता. यंत्रघरात उकाडा असा की पाना हातात धरवेना. नवं बेअरिंग कोठारात होतं, पण जुनं दांड्याला चिकटून बसलं होतं. ते दोघींनी मिळून काढलं. सहा तास. मब्रूका हातोडा मारी, तेस्लेम छिन्नी धरी, आणि कामापुरते शब्द सोडले तर कोणी कोणाशी बोललं नाही. एकदा हातोडा निसटून तेस्लेमच्या अंगठ्यावर बसला. तिने अशी एक शिवी घातली की मब्रूकाला अर्थ कळला नाही, पण रोख बरोबर कळला.

पंप सुरू झाला तेव्हा दुपार उलटून गेली होती. तोवर वर जेवणघरात माणसं जमली होती आणि रायस वाट बघत होता. नावेवरच्या रिवाजाने यानाच्या कप्तानालाही सगळे रायसच म्हणत. लोत्फी त्याचं नाव. माणूस शांत, पण शांततेसाठी कोणालाही बळी देईल असा.

"लोक चिडलेत, मब्रूका," तो म्हणाला. "बाईला यंत्रघरातून काढू या. धुलाईत घालू. विषय मिटेल."

"वही आणा," मब्रूका म्हणाली.

"वही कशाला?"

"आणा म्हणते ना!"

वही आली. तिने तिन्ही पानं मोठ्याने वाचली. प्रत्येक पानाखाली तिची स्वतःची सही होती, तीही वाचली.

"हिने तीनदा सांगितलं. मी तीनदा वाचलं आणि हसले. रिधाला हिने पंपापर्यंत नेलं, त्याने हिचा पाणउतारा केला. हात त्याचे भाजले, पण चूक आधी माझी, मग त्याची. हिची नाही. कोणाला धुलाईत घालायचंच असेल तर मला घाला. मला कपडेही बरे धुता येत नाहीत, तेव्हा रायस, तुझे तू धुऊन घे."

कोपऱ्यातून रिधाची बायको कमार ओरडली, "नवरा माझा दवाखान्यात पडलाय आणि तू परकीची बाजू घेतेस? सख्खी बहीण ना तू?"

"सख्खी आहे म्हणूनच त्याला इतकी वर्षं कोणी बोललं नाही!"

गलका झाला. तेवढ्यात तेस्लेम पुढे आली. अंगठ्याला चिंधी बांधलेली, तोंड काजळीने माखलेलं. मब्रूकाला वाटलं, आता ही आभार मानेल. निदान मान हलवेल.

"झालं बोलून?" तेस्लेमने तिला विचारलं. "छान. माणसाचे हात भाजल्यावर बोललीस. आता माझं ऐका. आम्ही एकोणीस जण. त्यातले सहा जण इंजिनं जाणतात आणि तुम्ही त्यांच्याकडून भांडी घासून घेता. तुमचे चारही पंप एकाच वयाचे आहेत. तुम्हाला मरायचं असेल तर मरा, पण आम्ही एकदा मरता मरता वाचलोय, आम्हाला हौस नाही. सहाही जण उद्यापासून यंत्रघरात. आणि माझ्या पाळीची मुकादम मी."

"विचार करून सांगतो," रायस म्हणाला.

"विचार करायला चौदा महिने होते," मब्रूका म्हणाली. तिने कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली आणि त्याच्यासमोर आपटली. "आत्ता सांग. नाहीतर उद्या पंप तू उघड."

रायसने किल्ल्यांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. सहाचे चार केले, पण कबूल केलं. मुकादमीही दिली. तेस्लेम निघून गेली. मब्रूकाने जेवायला बोलावलं, तरी ती ताटावर बसली नाही.

मब्रूका दवाखान्यात गेली, तेव्हा रिधाचे हात पट्ट्यांत गुंडाळलेले होते. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"सहाशे माणसांत उघडं पाडलंस मला," तो म्हणाला.

"मीही पडले."

"तुला काय, उद्या विसरतील. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही." तो भिंतीकडे कुशीवर वळला. तिने चमच्याने सूप पुढे केलं. त्याने तोंड उघडलं नाही. सूप निवेपर्यंत ती चमचा धरून बसली, मग चिडून वाटी ठेवली आणि उठली. पुढे दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही. कमार तर त्यानंतरही नाही.

यंत्रघरात नवे चार जण आले. कुरबुरी झाल्या, एकदा हातघाईही झाली. तिसऱ्या आठवड्यात पाळी बदलताना तेस्लेमचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला.

"ही झडप अर्धवट उघडी कोणी ठेवली? डोळे काय जेवणघरात विसरून येता? कोणाचं काम हे?"

कामगार जागच्या जागी थिजले. झडप मब्रूकाची होती. तिच्यावर आवाज चढवायची हिंमत अकरा वर्षांत कोणी केली नव्हती.

"माझं," मब्रूका म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस? बंद कर!"

जिभेवर आलेलं सगळं गिळत मब्रूका खाली वाकली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवू लागली.