देवदाराच्या पेटीतली सहा वर्षं

मी सिगार आहे, तीही स्वस्तातली. सांतियागो शहरातल्या सिगारींच्या कारखान्यात भारी सिगारी वळून झाल्या की टेबलावर पानांची कातरणं उरतात. त्या कातरणांतून फाबियानने मला वळलं. पंचवीस बहिणींचा जुडगा कागदात बांधून त्याने आपल्या मित्राला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार एलिसेओला दिला. त्यानंतर फाबियानची बोटं आखडली. आम्ही त्याच्या हातच्या शेवटच्या.

पहिलीच ओढून एलिसेओ खोकत सुटला. "सिगार आहे की मिरचीची धुरी?"

"नवी आहे रे. जरा मुरू दे."

म्हणून आम्ही देवदाराच्या पेटीत आलो. आत ओला स्पंज, झाकणाला ओलावा दाखवणारा काटा. गिऱ्हाईक ताटकळलं तरी एलिसेओ आधी काटा बघायचा. आठ महिन्यांनी दोघांनी एक पेटवली. घशातली चिरचिर गेली होती, भाजक्या शेंगदाण्याची चव उतरली होती. खरं सांगते, तेव्हा आम्ही ऐन भरात होतो. त्याच महिन्यात आम्हाला संपवायला हवं होतं.

पण माल चांगला निघाला की दुकानदाराचा हात आखडतो. "आठ महिन्यांत एवढं, तर आठ वर्षांत किती!" म्हणत त्याने कुलूप लावलं.

"अरे, कातरणं आहेत ती," फाबियान दर वेळी सांगायचा. "राग उतरला, झालं. आता वासही उतरेल."

"तुला काय कळतंय?"

"गाढवा, मीच वळल्यात!"

अंधारात माझा वास थोडा थोडा निसटून फळ्यांत मुरत गेला. पेटी घमघमू लागली. एलिसेओ झाकण उघडून लाकूडच हुंगायचा आणि खूश होऊन पुन्हा किल्ली फिरवायचा.

गेल्या गुरुवारी फाबियान निरोप घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी तो मुलाकडे न्यूयॉर्कला निघणार होता, कायमचा. "आता तरी काढ, लेका."

एलिसेओने माझ्या शेजारचीच उचलली. दोघांनी आळीपाळीने ओढली.

"नुसतं गरम पाणी," फाबियान म्हणाला. हसला, मग नाक पुसलं. "माझ्या हातची चव तुझ्याकडे तरी राहील असं वाटलं होतं."

एलिसेओने थोटूक खाली ठेवलं. काट्याकडे पाहिलं. "आठ वर्षांना अजून दोन बाकी आहेत ना," तो हळूच म्हणाला आणि झाकण लावलं.

आता आत आम्ही बावीसजणी. मंडळी, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर सहा महिने ठेवा, फार तर वर्षभर. मग जिवाभावाच्या माणसाला बोलवा आणि पेटवा. आम्हाला जळायची भीती नाही. फाबियानचं विमान शुक्रवारीच गेलं.