घोट्याला बांधलेला नवस

साल्वीना आयुष्यात कधी पाय आपटत चालली नव्हती. पण यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि झेय्तून गावातल्या त्यांच्या अरुंद घरात स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत धप् धप् ऐकू येऊ लागलं. तिचा नवरा चेन्सु खिडकीपाशी बसून ऐकायचा आणि मुकाट राहायचा. बायको कशावर तरी रागावलीय, विचारायला जावं तर आपल्यावरच उलटेल, एवढं त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं होतं.

रागबिग काही नव्हतं. लांब झग्याखाली तिच्या दोन्ही घोट्यांना वाळू भरलेल्या पट्ट्यांची वजनं बांधलेली होती. खेळाच्या सामानाच्या दुकानातून तिने ती गुपचूप आणली होती, तीही दुकानातली सगळ्यात जड.

हिवाळ्यात चेन्सुच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा इस्पितळाच्या प्रार्थनाघरात दुःखी मरियामातेच्या मूर्तीपुढे ती बोलून बसली होती, हा माणूस घरी आला तर गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मी पायांत साखळी ओढीन. पांढरा झगा, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेली टोपी, अनवाणी पाय आणि घोट्यांना लोखंडी साखळी. असे लोक दरवर्षी निघतात. टोपीआड कोण, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

चेन्सु घरी आला. आता पाळी तिची होती, आणि तिला स्वस्थ बसवेना. मध्येच पाय गळाले तर? नवस फिटला नाही आणि मातेने दिलेलं परत नेलं तर? चेन्सु नुसता खोकला, की ती उठून पुन्हा जिना चढायला लागायची. उजवा गुडघा ठणकू लागला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. तिने पट्टे आणखी आवळले.

एका सकाळी ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. खालून चेन्सु ओरडला, "अगं, कॉफी उतू जातेय!"

कॉफी तिच्या कानापर्यंत पोचलीच नाही, पोचली ती फक्त हाक. ती धावत सुटली. पाय उचलला, पण वजनाने तो हवा तेवढा उचललाच गेला नाही. पायरीला अडकला, आणि उरलेल्या पायऱ्या ती बसल्या बसल्याच उतरली.

चेन्सुने तिचा झगा वर सरकवला आणि ते काळे पट्टे बघतच राहिला.

"हे काय? घोडीला नाल ठोकावेत तसं?"

"व्यायाम आहे."

"व्यायाम! आणि मी इकडे, तू माझ्यावर चिडलीस म्हणून रोज मुकाट कपबशा विसळतोय."

"विसळत राहा," ती कण्हत म्हणाली.

संध्याकाळी तिच्या बहिणीची मुलगी रोमिना आली. ती फिजिओथेरपिस्ट. गुडघा फुगून पावासारखा झाला होता.

"मावशी, हे बांधून तू चालत होतीस?"

"चालत, झाडत, जिना चढत. मिस्साला जाताना तेवढी काढायचे."

"तेव्हाच का?"

"चर्चमध्ये आवाज घुमतो."

रोमिनाने कपाळाला हात लावला. "अगं, ही चालायला नसतातच. पाऊल ओढलं जातं, तोल जातो, सगळा ताण गुडघ्यावर नि कमरेवर येतो. एवढं दुखत होतं तर काढली का नाहीस?"

"दुखलं तरच पोचतं ना," साल्वीना बोलून गेली, आणि जीभ चावली.

नवस असा चारचौघांत सांगायचा नसतो. पण चेन्सु दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला पाहून तिने सगळं सांगून टाकलं.

"मला न विचारता?" तो म्हणाला.

"तुला भूल दिलेली होती."

रोमिनाने साखळीला मनाई केली नाही. "केली तर तू चोरून ओढशील," ती म्हणाली. सूज उतरेपर्यंत विश्रांती. मग खुर्ची. पाठ टेकून बसायचं, मांडीखाली टॉवेलची गुंडाळी. आधी पाय नुसतेच हलवून सैल करायचे, मग अगदी हलकं वजन, पट्टा बोट आत जाईल इतपतच. पाय सावकाश सरळ करायचा, जरा धरायचा, त्याहून सावकाश खाली. दोन्ही पायांना सारखं, एक दिवस आड.

"थकलीस तर चालेल. दुखलं की तिथेच सोडायचं. दुखणं मातेकडे पोचत नाही, मावशी, माझ्या दवाखान्यात पोचतं."

धरायचं किती, तर एक नमो मरिया होईपर्यंत. साल्वीनाने पाय उचलला आणि ओठ भराभर हलवले. पाय धप्पकन खाली.

"तू प्रार्थना म्हणतेस की बस पकडतेस?"

हळू म्हणणं हीच तिला खरी शिक्षा झाली. वाक्यावाक्याला मन उठून पळायचं: दिवस सरताहेत, वजन एवढंसंच, अशाने काय होणार!

गुड फ्रायडेला चर्चमागच्या खोलीत साखळ्या मांडल्या होत्या. तिने सर्वांत लांब साखळी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. आखूड घेतली. तेवढ्यानेही तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

बँडवर शोकाची धून सुरू झाली. दगडी रस्त्यावर साखळ्या खरखरू लागल्या. चेन्सु कडेच्या गर्दीतून वाट काढत तिच्या बरोबरीने येत होता. चढ लागला. आधी नुसता थकवा, मग गुडघ्यात आतून बारीक सुई टोचली. हे थकणंच, असं स्वतःला पटवत ती चालत राहिली. पुन्हा सुई. इथे थांबले तर चेन्सुचं काय होईल? मग पाय सरळच होईना. ती कडेला सरकली, वाकली, आणि तिने कड्या सोडल्या.

"दे इकडे," चेन्सु म्हणाला.

"तुला वजन उचलायची बंदी आहे."

"उचलतोय कोण?" त्याने साखळीचं फक्त टोक धरलं, बाकीची रस्त्यावरच राहू दिली.

"नवस माझा आहे रे. असा चालेल का?"

"ते मातेला विचार. मला चढ संपवू दे."

टोपीआड तिने विचारलं. पुन्हा विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे व्हा की!" मग तिने उजवं पाऊल जपून टेकलं. शेजारून साखळी खरखरत निघाली, आणि चेन्सुला धाप तर लागत नाही ना, हे ती दर थोड्या पावलांनी थांबून ऐकत राहिली.