हळदीचं बोट लागलेली डबी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर लोणच्याची जुनी डबी! म्हणा बापडे. बारामतीच्या एका कॉलेजच्या कपाटात मी पडून आहे आणि माझ्या पोटावर हळदीचं एक बोट अजून पिवळं आहे. त्या बोटाचीच ही कहाणी.

एकोणीसशे शहाण्णव साल असेल. माझ्या आत एका खास फिल्मचा तुकडा चिकटवला होता. जमिनीतून, दगडमातीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. त्याला ना रंग, ना वास. मोकळ्यावर तो उडून जातो, पण बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचं दुखणं मागे लावतो. घरात तो किती आहे, त्याच्या खुणा माझ्या फिल्मवर उमटतात. माझं काम तेवढंच.

रोहिणी नावाच्या विद्यार्थिनीने मला कळस गावी, शेतकरी तात्याबांच्या घरी नेलं. त्यांची लेक विजयमाला बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या खोलीत मला टांगून रोहिणी एस.टी. गाठायच्या घाईत बोलून गेली, "आजी, ही डबी वाईट हवा पकडते."

‘पकडते’ या एका शब्दाने घात केला. तात्याबांच्या पत्नी सिंधुबाई यांच्या लेखी मी उंदराचा पिंजराच झाले. त्यांनी मला हळद लावली आणि खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबलं.

"भायेरची हवा आत येत न्हाय, अन् आतली ही धरतीया," त्या शेजारच्या सारजाला सांगत.

"आमाला बी येक आना की," सारजा म्हणे.

एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि मी इतकी कधी भ्यालेही नव्हते. माझ्याच खाली सारवलेल्या जमिनीलगत विजयमालाच्या तान्ह्या लेकीचा, छकुलीचा पाळणा हलत होता. फिल्मवर खुणा वाढत होत्या आणि मला तोंड नव्हतं. रोज वाटे, आज तरी कुणी खिडकी उघडेल. त्याऐवजी सिंधुबाई गोणपाट आणखी घट्ट दाबत.

मध्येच एकदा रोहिणी पाहायला आली. दारातच थबकली.

"आजी, खिडकी का बंद?"

"उघडायची कशाला? ही पकडतीया की."

रोहिणीचा चेहरा उतरला. "पकडत नाही हो, फक्त मोजते. माझंच बोलणं चुकलं."

"ओल्या बाळंतिणीला वारं लागंल," सिंधुबाई अडून बसल्या. रोहिणी परोपरीने सांगू लागली, त्या ऐकेनात. माझा जीव टांगणीला लागला होता, तो काही फक्त दोरीमुळे नव्हे.

उंबऱ्यावर बसलेले तात्याबा तेव्हा हळूच म्हणाले, "जवारी साठवायचं जमिनीतलं पेव उघडल्यावर आपन लगीच आत उतरतो व्हय? आदी वारं खेळू देतो. आपल्या गावच्या भिमानं घाई केली, तितंच गुदमरून गेला. मग ह्या लेकराला काय पेवात ठिवलंय आपन?"

सिंधुबाई उठल्या. त्यांनी लेकीच्या कानाला फडकं गुंडाळलं, पाळणा बाजूला ओढला आणि गोणपाट स्वतःच्या हाताने उपसलं. वारा आत आला तशी मी गरगर फिरले. झोपेतल्या छकुलीने फक्त नाक हलवलं.

रोहिणीने तिथे दुसरी डबी टांगली आणि मला परत नेलं. पुढे तपासणीत माझ्या फिल्मवर खुणा दाट निघाल्या, त्या दुसरीच्या फिल्मवर विरळ. हळद मात्र रोहिणीने कधी पुसली नाही. प्रत्येक नव्या घरी ती मला आधी दाखवायची आणि सांगायची, "ही नुसती मोजते हो."

मित्रांनो, ते खरंच आहे. तुमच्याही घरी कुणी अशी डबी टांगली, तर तिला हळद लावा, हवं तर कुंकूही लावा. पण आधी उठून खिडकी उघडा. तेवढं मला कधी जमलं नाही.