एक्केचाळीस टोले

मुलगी दाखवायची पद्धत घरोघरी असते. मुलगा दाखवायची पद्धत डोंबिवलीत श्रीपादने काढली, आणि ती त्याच्यापाशीच संपली हे बरं झालं. पुढे हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा, आणि सांगताना स्वतःचा उल्लेख 'तो गाढव' असा करायचा.

श्रीपाद कल्याणच्या तारऑफिसात होता. कानाने तारेची कटकट ऐकत तो मजकूर उतरवायचा, तोंडाने चहा प्यायचा आणि मधूनच पट्टेवाल्याला चार शब्द सुनवायचा. ऑफिसातले चौघंही नेमकं हेच करायचे, पण आपल्या अंगी काहीतरी दैवी आहे असं वाटलं ते फक्त श्रीपादला. मग त्याने अष्टावधानाचा नाद लावून घेतला. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष द्यायचं आणि एकीतही चुकायचं नाही, असा तो खेळ.

त्यातच कोपरीच्या शुभदाचं स्थळ आलं. ती ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. फोटो बघूनच श्रीपाद विरघळला. तिशी उलटलेली, दोन नकार पचवलेले. हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ समोरच्याच घरात राहायचा आणि गल्लीतल्या गणेशोत्सवाचा चिटणीस होता. श्रीपादने त्याला गळ घातली.

"भाऊ, कांदेपोहे नकोत. त्यांना रविवारी उत्सवालाच बोलाव. माझं अष्टावधान बघू देत."

"अरे, मुलगी तुला बघायला येणार की तुझी सर्कस?"

"माझ्यात बघण्यासारखं दुसरं आहे काय?" श्रीपाद म्हणाला. हे मात्र तो अगदी खरं बोलला.

शनिवारी संध्याकाळी भाऊ काही सांगायला आला, तेव्हा श्रीपाद सरावासाठी वहिनीकडून उघड्या पाठीवर हरभरे टाकवून घेत मोजत बसला होता.

"ऐक, उद्या मधेमधे प्रश्न विचारून तुला भंडावायला कुणीतरी लागेल ना? शुभदाच म्हणतेय, मी विचारते. कळलं?"

"हं. बावीस," श्रीपाद म्हणाला.

रविवारी चार वाजता मांडव खच्चून भरला. मागून वहिनी हरभरे मारत होती, बाजूला भाऊ मनाला येईल तेव्हा घंटेचा टोल देत होता, पुढ्यात बुद्धिबळाचा पट आणि एका हातात पत्ते होते. कुणी गुणाकार घालत होतं, कुणी तारखेचा वार विचारत होतं, कुणी श्लोकाचा पुढचा चरण मागत होतं. आणि उजवीकडच्या खुर्चीवरून एका बाईचा आवाज प्रश्न विचारत होता. पटावरची नजर वर करायची श्रीपादला सोय नव्हती.

"चहा करता येतो का हो तुम्हाला?"

"येतो. बुधवार. इस्पिक दश्शी."

"लग्नानंतर बायको शाळेत शिकवायला गेली तर?"

"जाऊ दे की. दोन हजार तीनशे चार."

आवाज हळू झाला. "आणि तिची आई विधवा आहे, तिला दुसरं कुणी नाही. ती कायमची तुमच्या दोन खोल्यांत राहायला आली तर?"

"येऊ दे की!" श्रीपाद ताडकन म्हणाला आणि घोडा अडीच घरं पुढे टाकला. "शह."

मांडवात टाळ्या पडल्या. शेवटी त्याने छाती काढून हिशेब दिला: हरभरे त्रेसष्ट, टोले एक्केचाळीस. एकही चूक नाही. भाऊने त्याच्या गळ्यात हार घातला. श्रीपाद पहिल्या रांगेत शुभदाला शोधू लागला. ती तिथे नव्हती.

ती उजवीकडच्या खुर्चीतून उठून त्याच्यापाशी आली होती. फोटोत चष्मा नव्हता, इथे होता. चष्म्याआड डोळे भरलेले होते.

"आईबद्दल ऐकून तीन ठिकाणांहून नकार आला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही क्षणभरही अडखळला नाहीत. ते मनापासूनच होतं ना?"

श्रीपादला त्रेसष्ट हरभरे एकेक करून आठवत होते, पण या बाईला आपण कशाला हो म्हणालो ते काही केल्या आठवेना. 'हो' म्हटलं असतं तर लग्न तिथेच ठरलं असतं. त्याची जीभ तयारही होती. पण हिला तिच्या आईच्या बाबतीत फसवायचं, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला प्रश्नच आठवत नाही," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. ती वळली.

"थांबा. पुन्हा विचारा. या वेळी दुसरं काही करत नाही मी."

तिने पुन्हा विचारलं. श्रीपाद मनातल्या मनात आपल्या दोन खोल्यांतून फिरून आला. भाऊ डोळ्यांनी खुणावत होता, वहिनी घसा खाकरत होती. शुभदाने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"आतल्या खोलीत चुलीच्या उजवीकडे गळतं," अखेर तो म्हणाला. "त्यांचं अंथरूण तिथेच पडेल. ते कौल आधी बदलायला हवं. आणि मला पहाटे मोठ्यांदा श्लोक म्हणायची खोड आहे, ती बंद करीन. बाकी... येऊ देत त्यांना."

शुभदाने चष्मा काढून पुसला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "कौल मी आणि आई येऊन बघून जाऊ," ती म्हणाली.

भाऊ धावतच आला. "श्रीपाद, आरती सुरू झाली, चल! बोल बघू, आता किती टोले दिले मी?"

"कसले टोले?" श्रीपाद म्हणाला.