खांबाचं कारण

आमच्या गवंडीकामात एक नियम आहे. खांब कशासाठी उभा आहे ते कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हा नियम मला माझ्या उस्तादाने शिकवला, आणि शिकवताना पाठीत थापी घातली, म्हणून तो पक्का लक्षात राहिला. या नियमापायी आमच्या गल्लीतल्या सरांची खिडकी अडून बसली होती.

सरांचा सगळा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर ते एक जाडजूड पुस्तक लिहायला बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जगात जे जे आहे त्याला कारण आहे, आणि नीट विचार केला तर हे सगळं जगच मुळात का आहे, तेही सांगता येईल. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि सर चाकांच्या खुर्चीत आले.

खुर्ची झोपायच्या खोलीतून बैठकीच्या खोलीत येई, पण पुढे रस्त्याकडच्या खिडकीशी जाईना. मध्ये खांब होता. माणूस अंग चोरून बाजूने जाई, खुर्चीला अंग चोरता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, यांना रस्ता दिसू द्या, माणसं दिसू द्या, नाहीतर मनाने खचतील. सर खचायला लागलेच होते. ताटातलं अर्धं टाकायचे आणि दिवसभर कपाटाकडे तोंड करून बसायचे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते. त्यांनी मला बोलावलं.

"मिस्त्री, हा मेला खांब पाडा. जन्मभर याच्यावर कपाळ आपटून घेतलं, आता पुरे."

"वहिनी, पण हा उभा कशासाठी आहे?"

"मला काय विचारता? मी लग्न होऊन आले तेव्हा तो आधीच उभा होता. सासूबाईंसारखा."

खुर्चीतून सर म्हणाले, "मिस्त्रींचा प्रश्न बरोबर आहे. कारण कळल्याशिवाय पाडायचा नाही."

"अहो, पण खिडकी?"

"खिडकी कुठे पळून जाते का?"

"खिडकी पळत नाही, तुम्ही पळत नाही. मीच पळते दिवसभर."

मी शिडी लावून वर चढलो. खांबाच्या डोक्यावर तुळई नव्हती. वरचं प्लास्टर खरवडलं, तर छत आणि खांब यांच्यामध्ये फट निघाली. थापीचं पातं आरपार गेलं. खाली येऊन मी सांगितलं.

"म्हणजे तो काहीच तोलत नाही?" सरांनी विचारलं.

"नाही. नुसता उभा आहे."

"झालं तर मग, पाडा!" वहिनी म्हणाल्या.

"थांबा!" सर आणि मी एकदमच बोललो.

सरांची अडचण अशी, की बिनकारणाचा एक खांब जरी जगात निघाला तरी त्यांचं पुस्तक कोसळणार. माझी अडचण अशी, की उस्ताद खोटं कसं सांगेल? म्हणून आम्ही दोघं कारण शोधायला बसलो. मी रोज जायचो. सर म्हणायचे, खालचा पाया दाबून धरण्यासाठी वजन म्हणून असेल. मी म्हणायचो, घर एका अंगाला कलू नये म्हणून असेल. सरांना वाद घालायला माणूस मिळाला, आवाज चढायला लागला, ताटही साफ व्हायला लागलं. खिडकी मात्र होती तिथेच. वहिनी चहा आणून आदळायच्या.

"दोन शहाणे आणि एक खांब. तिघंही जागचे हलत नाहीत."

शेवटी आमचा आरडाओरडा ऐकून मागच्या खोलीतून आत्या भिंत धरत धरत आल्या. आत्या म्हणजे सरांच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी कधीच ओलांडलेली, पण जीभ अजून धारेची.

"कशावरून भांडताय रे?"

"आत्या, हा खांब इथे का आहे?"

"हा होय? हा चुकून झालाय."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. "चुकून? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू नुसता विचार करत होतास."

मग आत्यांनी सांगितलं. खांब मुळात बाहेरच्या व्हरांड्याचा. गवंड्याने भिंतीचं माप न बघताच तो चढवला. भिंत त्याच्या पुढे गेली आणि खांब घरात राहिला. "दादा भडकला, म्हणाला, पाड आत्ताच्या आत्ता. तर तो गवंडी कसा म्हणतो, 'साहेब, खांबाला हात लावू नका, त्याला कारण आहे. ते कामातलं आहे, तुम्हाला नाही कळायचं.' पाडायचा कंटाळा, दुसरं काय! दादा बिचारा घाबरला."

"कोण होता हो तो गवंडी?" मी विचारलं.

"नाव कुठलं आठवतंय? एक डोळा बारीक करून बोलायचा. आणि येताजाता हाताखालच्यांच्या पाठीत थापी घालायचा."

माझी पाठ आपोआप ताठ झाली. तो माझाच उस्ताद होता. एका चुकीवर पांघरूण घालायला त्याने जे तोंडाला येईल ते सांगितलं, आणि पुढे तेच मला धंद्याचा नियम म्हणून शिकवलं. त्या नियमाच्या धाकाने मी किती घरांतले किती खांब राखले असतील, देव जाणे.

सर मात्र खुलले. "सापडलं! चूक हेसुद्धा कारणच आहे."

"मग चूक का झाली?" वहिनींनी विचारलं.

"त्याचं लक्ष नव्हतं."

"लक्ष का नव्हतं?"

"ते... ते शोधावं लागेल."

"शोधा. मग त्याचंही कारण शोधा, आणि त्या कारणाचंही. तोवर मी तुम्हाला कपाटाकडे तोंड करून बसवते."

खांबामागून उजेडाची एक तिरीप फरशीवर आली होती, सर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाडा मिस्त्री. फक्त एक वीट ठेवा."

"वीट कशाला?"

"कशाला ते माहीत नाही. ठेवा."

खांब पडला. घर जागचं हललं नाही. राडारोडा उचलून झाल्यावर वहिनींनी खुर्ची ढकलली आणि खोलीच्या मधोमध आल्यावर सवयीने वळसा घेतला.

"अगं, आता का वळलीस?"

"वळले. बसा गप."

खिडकीशी खुर्ची उभी केली, तर ती हळूहळू मागे यायला लागली. तिथल्या फरशीला उतार होता. तोही उस्तादाचाच. वहिनींनी ती वीट आणून चाकामागे लावली.

"घ्या, लागलं तुमच्या विटेला कारण."

सर बाहेर बघायला लागले. समोरच्या दारात दोन बाया भांडत होत्या, एक हातगाडीवाला चाकाला लाथा घालत होता, एक कुत्रं भर रस्त्यात झोपलं होतं आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते. सर मान पुढे काढून काढून बघत होते.

"हे सगळं कशासाठी असेल?" ते म्हणाले.

"दिसतंय ना? मग बघा," वहिनी म्हणाल्या. "आणि मिस्त्रींना काही विचारू नका. परत चहा करावा लागेल."